शेजारी शेजारी एकोणीस एक

एकादशीचा फराळ झालाय. दुपारची मी भिंतीला टेकून बसले आहे. जपमाळ बोटांत अडते, सुटते, पुन्हा अडते. ऋजुता मघाशी म्हणाली ते कानात आहे : "आत्या, बाबांच्या पुण्यतिथीला कीर्तन ठेवायचं का, तूच ठरव. महाराजांना आज कळवायचंय. पण बाबांना पटलं असतं का गं?"

तिचे बाबा म्हणजे माझा धाकटा भाऊ निवृत्ती. नाव तेवढं संतांचं. जन्मभर गणित शिकवलं. देवळात आला तो मला न्यायला, आणि थांबला तो चपलांपाशी.

डोळा लागतो न लागतो, तोच तो समोर बसून भगर खातोय.

"गार झाली गं, अक्का."

"वर्षानं उगवतोस, मग गारच मिळणार!"

हसत तो ताट खाली ठेवतो, तर खाली फरशी देवळाची. सभामंडपात टाळकरी एका ओळीत, सगळे सारखे, ताठ. मागे विठोबा, बाजूला फळा, त्यावर ओळीनं नुसते एकाचे आकडे.

"ओळखलीस? माझी लाडकी संख्या. शेजारी शेजारी एकोणीस एक. एवढी थोरली, पण एक आणि ती स्वतः सोडली तर कशानंच भाग जात नाही."

"एकोणिसांचे सारखे गट पडत नाहीत, म्हणून?"

"तेवढ्यानं भागत नाही. सतरांचेही पडत नाहीत, तरी सतरा एकांची संख्या फुटते. ही नाही फुटत."

"का रे?"

तो खडू चाचपत राहतो. "तपासलं की दिसतं, नाही फुटत. पण हीच का, ते मला नाही सापडलं. नुसता बघत बसायचो."

"अरे, मग मी तरी देवळात दुसरं काय करते?"

"तू मधूनमधून डुलक्याही काढतेस."

मी त्याला चापट मारायला हात उचलते. टाळकरी सरकतात : नऊ इकडे, नऊ तिकडे. मधली जागा रिकामी. निवृत्ती केव्हाच चपलांपाशी जाऊन उभा.

"ये ना मधे."

"नको. इथूनही नीट ऐकू येतं. शेवटचा अभंग पुरता होऊ दिल्याशिवाय कधी हाक मारली का तुला?"

नाही मारली. खरंच, एकदाही नाही.

"मग ठेवू का रे कीर्तन?"

बुक्का लावायला गेलं की मान मागे घेणारा माझा भाऊ वाकतो, कपाळ पुढे करतो. मी अंगठा टेकवते. कपाळ फरशीसारखं गार.

"आत्या, झोपलीस?" ऋजुता दारात उभी आहे. "महाराजांना काय कळवू?"

बुक्क्याची डबी देवघरात आहे, झाकण घट्ट लावलेली. माझा अंगठा काळा झालाय.

"हो म्हणून कळव," मी म्हणते. "आणि चपलांपाशी एक सतरंजी टाकायला सांग."