लक्ष कुठे असावं

दवाखान्यात आईच्या मेंदूच्या लहरींचा नकाशा काढून झाला होता. आता तिच्या डोक्यावर तारांची टोपी होती आणि समोरच्या पडद्यावर समुद्र. लक्ष टिकलं की चित्र उजळतं, ढळलं की अंधारतं. नावं विसरू लागल्यापासून आई घाबरली आहे, म्हणून हा व्यायाम.

मध्येच ती यंत्राशेजारी उभ्या असलेल्या तंत्रज्ञ बाईंकडे वळली. "अगं, मघापासून उभीच आहेस. काही खाल्लंस का?"

समुद्र काळवंडला.

"काकू, लक्ष गेलं बघा!" त्या हसल्या. आईचा चेहरा उतरला.

यंत्र खोटं बोलत नसेलही. पण माणसाकडे वळलेल्या मनाला ढळलेलं मन ठरवण्याचा अधिकार याला दिला कोणी?

पुढचा अर्धा तास आईने कोणाकडेच पाहिलं नाही. समुद्र लख्ख होता.

"शाब्बास, काकू!"