देवाशी धरलेला अबोला

आमची धाकटी अडीच वर्षांची होऊन गोवरात गेली, तेव्हा मी रडले नाही. म्हणजे मला रडू दिलं नाही. तापीकाठच्या आमच्या गावांत माणूस गेलं की बाया जमतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि सुरात रडतात. रडता रडता देवाला विचारतात, तुला दुसरं घर दिसलं नाही का. पण आम्ही ख्रिस्ती होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, आणि हे नवापूरकडे मिशनच्या शाळेत मास्तर. यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "आपण पुनरुत्थानाची आशा असलेली माणसं. आपल्या घरात ऊर बडवायचा नाही."

चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी माझ्या विश्वासाची वाहवा केली. विश्वास कसला डोंबलाचा. मी देवाशी अबोला धरला होता. प्रार्थनेला डोळे मिटायचे आणि आतून तोंड फिरवून बसायचे. असे चार महिने गेले. पुढेपुढे तर वर कोणी आहे असंच वाटेना, आणि मास्तरांच्या बायकोने हे बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

मग शहाद्याकडून बैलगाडीने माय आली. मी बाटले म्हणून तिने दोन वर्षं आमच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. दुपारी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तुन्हा पुस्तकमा काय शे ते वाची दखाड." मी आमचं पवित्र शास्त्र उघडून त्यातल्या जुन्या यहुदी लोकांच्या स्तोत्रांतलं एक काढलं. गाणंच आहे, मायला जड जाणार नाही, एवढाच माझा विचार.

वाचू लागले आणि जीभ अडखळली. तो गाणारा देवाला सरळ विचारत होता, मला विसरलास का, तोंड का लपवतोस, असं आणखी किती दिवस. हे मी मंडळीत कितीदा ऐकलं होतं, पण चालीवर. यात कोणी खरंच रडतंय हे ध्यानातच आलं नव्हतं.

मायचे हात थांबले. "हाई ते आपला बायास्नं रडनं शे," ती म्हणाली. "तुन्हा देवना पुस्तकमा लिखेल शे, मंग तू काबर रडनी नही?"

जरा वेळाने तिने विचारलं, "त्याले भेटनं का, मांगेल ते?"

मी शेवट पुन्हा वाचला. मिळालं की नाही ते लिहिलेलंच नव्हतं. एवढं भांडून, हाती काही पडायच्या आधीच तो देवावर भरवसा ठेवून गायला लागला होता. माझ्या छातीवरचा धोंडा तिथे हलला. भांडलं म्हणून देव टाकून देत नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मायच्या गळ्यात पडून मी सुरात रडले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. फार बरं वाटलं.

शाळा सुटून हे आले ते दारातच थबकले. आता रागावतील म्हणून मी पुस्तकच पुढे केलं. यांनी ते पान पाहिलं. "हे तर मी मुलांकडून पाठ करून घेतो," एवढंच म्हणाले आणि टोपीही न काढता खाली बसले.

संध्याकाळच्या प्रार्थनेत चार महिन्यांनी मी तोंड उघडलं. "देवा, माझं लेकरू का नेलंस? मला तुझा राग आलाय. पण ती तुझ्यापाशी आहे, यावर मी विसंबून आहे. तिला नीट सांभाळ." शेवटी आमेन, म्हणजे 'तसंच होवो', यांनी म्हणायचं, ही आमच्या घरची रीत. असली प्रार्थना यांना चालायची नाही, असं मी मनाशी म्हटलं. मग रडण्यातून कसाबसा यांचा आमेन आला.