डाव्या उशीतली टाचणी

माझा धंदा कुलपं-किल्ल्यांचा. बसथांब्याजवळ, चपलांच्या दुकानाच्या जिन्याखाली माझी टपरी आहे. तिच्यात मी आणि किल्ल्या घासायचं मशीन सोडून तिसऱ्याला जागा नाही, गिऱ्हाईक बाहेरच उभं राहतं. असा आठवडाभर अडीच फुटांत बसणारा माणूस रविवारी जंगलात कशाला पळत सुटतो, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. त्यांनी एक दिवस माझ्या टपरीत बसून पाहावं. पण आज मला सांगायचं आहे ते टेलरबाईंबद्दल. आणि त्यांच्याबद्दल सांगायचं तर माझा मूर्खपणाही सांगावा लागतो, त्याला इलाज नाही.

आमचा खेळ समजायला सोपा आहे. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं आणि जंगलात ठिकठिकाणी लावलेले केशरी-पांढरे झेंडे ठरलेल्या क्रमाने शोधून काढायचे. प्रत्येक झेंड्यापाशी एक चिमटा टांगलेला असतो. त्याने आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि पुढे सुटायचं. एकेकाला दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडतात, त्यामुळे पुढच्याच्या मागे जावं म्हटलं तर तो दिसत नाही. दिसलाच तर तोही चुकलेला असतो. शेवटच्या झेंड्यानंतर झाडी संपते, मैदान लागतं आणि मैदानात एक घडीचं टेबल असतं. त्या टेबलामागे टेलरबाई बसायच्या.

बाईंचं दुकान कपडे दुरुस्तीचं. नवीन कपडा त्या शिवत नाहीत. कुणाची कंबर सुटली, कुणाचा मुलगा उंच झाला, कुणाच्या कोटाची चेन गेली, की बाईंकडे जायचं. कामात असताना त्यांच्या ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे बोलणं कमी आणि ऐकणं जास्त. आमचा क्लब ज्या तिघाचौघांनी काढला त्यांत त्यांचे यजमान होते. नकाशे तेच काढायचे. बाई सुरुवातीला पाण्याचे कॅन घेऊन नुसत्या सोबत यायच्या. डावा गुडघा जुना दुखरा, जंगलात शिरायचा प्रश्नच नव्हता. मग बसल्याच आहात तर आल्यागेल्यांची यादी ठेवा, असं कुणीतरी म्हटलं आणि ते काम त्यांच्या गळ्यात पडलं ते कायमचं.

पहिल्याच वर्षी ऐन शर्यतीत जोराचा पाऊस आला आणि यादीची शाई धुऊन निघाली. कोण आत आहे, कोण बाहेर आलं, कुणालाच सांगता येईना. माणसं एकमेकांची डोकी मोजत राहिली आणि दर वेळी आकडा वेगळाच यायचा. त्या दिवसानंतर बाईंनी कागदाचा नाद सोडला. दुकानातल्या टाचण्या खोचायच्या दोन छोट्या उशा त्या घेऊन येऊ लागल्या. प्रत्येक धावणाऱ्याची एक टाचणी, तिला कापडी पट्टीवर शिवलेला नंबर. माणूस जंगलात शिरला की टाचणी डाव्या उशीत. परत येऊन टेबलापाशी उभा राहिला की उजव्या उशीत. डावी उशी रिकामी झाल्याशिवाय बाई खुर्चीतून उठत नसत. झेंडे सापडले नाहीत, कंटाळा आला, भांडण झालं, काहीही असो, घरी जायच्या आधी टेबलापाशी येऊन तोंड दाखवायचं, हा क्लबचा एकमेव कडक नियम होता.

टाचणी हलवताना त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत. "कुठे चुकलात?" कितवे आलात, किती वेळ लागला, यात त्यांना काडीचाही रस नव्हता. पहिल्या आलेल्यालाही तोच प्रश्न आणि शेवटच्यालाही तोच. धापा टाकत माणसं सांगत, की टेकाडाच्या उजवीकडून जायच्याऐवजी डावीकडून गेलो, दोन पायवाटांत गोंधळ झाला, होकायंत्र उलटं धरलं. बाई मान हलवत. तीस वर्षं त्यांनी हे ऐकलं. मी मात्र दर वेळी एकच उत्तर द्यायचो. "मी नाही चुकलो, नकाशा चुकलाय." त्यांच्या यजमानांनी काढलेला नकाशा, आणि मी हे त्यांच्या तोंडावर सांगायचो. बाई म्हणायच्या, "असेल हो," आणि टाचणी हलवायच्या.

आता माझा पहिला गुन्हा. तिसरी की चौथी शर्यत असेल. माझा मेहुणा, ज्याला मीच या खेळात ओढून आणलं होतं, तो माझ्या आधी वीस मिनिटं पोचलेला मला झाडीतून दिसला. मैदानात बसून केळं खात होता. माझ्या डोक्यात राख गेली. त्याचं हसू बघायला लागू नये म्हणून मी टेबलाकडे न जाता मागच्या वाटेने काढता पाय घेतला. घरी आलो, आंघोळ केली, जेवलो आणि ताणून दिली.

संध्याकाळी दारावर थाप पडली. बायकोने दार उघडलं. मी आतल्या खोलीत पलंगावर, पेपर तोंडावर घेऊन. बाहेर टेलरबाईंचा आवाज आला. "किल्लीवाले घरी आहेत ना?" बायको म्हणाली, "हो, झोपलेत. का हो?" बाई म्हणाल्या, "काही नाही. बरं झालं." मग त्यांनी पाणी मागितलं आणि दोन पेले प्यायल्या. मी पेपराच्या कडेने पाहिलं तर बाईंच्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला होता. बावीस माणसं चार तास माझ्या नावाने हाका मारत जंगल पालथं घालत होती, आणि दुखरा गुडघा घेऊन बाई त्यांच्यात होत्या. त्या गेल्यावर बायकोने माझा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

पुढच्या रविवारी मी नाक मुठीत धरून टेबलापाशी गेलो. दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती, पण बाईंनी ती म्हणूच दिली नाहीत. "जाताना तोंड दाखवून जात जा," एवढंच म्हणाल्या. बाकीच्यांनी मात्र सोडलं नाही. त्यानंतर कुणी लवकर निघायला लागलं की लोक म्हणायचे, "काय, किल्लीवाला करतोस काय?" मी हसण्यावारी न्यायचो. दुसरं काय करणार?

या गोष्टीला सहा वर्षं झाली आणि थंडीच्या दिवसांतली ती शर्यत आली. तेव्हा कुणाच्या खिशात फोन नसायचे. बायको आपल्या बहिणीकडे गेलेली, घराला कुलूप. मी स्कूटर मैदानाच्या कडेला लावली आणि सकाळी दहाला जंगलात शिरलो.

पहिली पाच भोकं भराभर पाडली. सहावा झेंडा नकाशात दुसऱ्या ओहोळाच्या काठी, मोठ्या खडकामागे होता. एक ओहोळ ओलांडला. पुढे दाट झुडपांत एक चिंचोळी ओल होती, ती मी उडी मारून पार केली आणि मोजलीच नाही. तोच दुसरा ओहोळ होता. त्यापुढचा, म्हणजे तिसरा, मी दुसरा धरला. गंमत अशी की तिथेही एक मोठा खडक होता. झेंडा मात्र नव्हता. शहाणा माणूस इथे थांबतो आणि जिथपर्यंत खात्री होती तिथे परत जातो. मी म्हटलं, झेंडा लावणाऱ्यानेच गाढवपणा केलाय, खाली कुठेतरी लावला असणार. आणि ओहोळाच्या कडेने खाली उतरत गेलो. डावीकडे चढ यायला हवा होता, तो उजवीकडे आला. म्हटलं नकाशाच जुना आहे. पायवाट लागायला हवी होती ती लागली नाही. म्हटलं बुजली असेल. असं करत मी बराच खाली गेलो आणि शेवाळलेल्या दगडावरून घसरून पाण्यात आपटलो. घोट्यातून काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

कमरेपर्यंत भिजलो होतो. पाय टेकवत नव्हता. कसाबसा सरपटत पाण्याबाहेर आलो आणि शिट्टी फुंकली. शिट्टी आमच्यातला प्रत्येक जण गळ्यात बांधतो. पण घळ खोल, वर पाण्याचा आवाज, आणि शर्यतीची सगळी माणसं टेकाडाच्या पलीकडे. तासाभराने दात वाजायला लागले. आणखी काही वेळाने वाजायचे थांबले, आणि ते जास्त वाईट असतं हे मला माहीत होतं. उजेड असेपर्यंत कुणी आलं नाही तर रात्र निघणार नाही, हे कळत होतं. आणि कुणी का यावं? मला स्वतःला विचारलं असतं तरी मी म्हटलं असतं, किल्लीवाला ना, तो गेला असेल घरी.

तिकडे टेबलापाशी अगदी हेच चाललं होतं. हे मला नंतर मेहुण्याने, इतरांकडून ऐकून, सांगितलं, आणि सांगताना त्याची मान वर होत नव्हती. कारण त्याच्या गाडीचं चाक बसलं होतं, त्याला कामावर जायचं होतं, म्हणून आपली टाचणी हलवून तो माझी स्कूटर घेऊन गेला. तिची दुसरी किल्ली मीच त्याला घासून दिली होती. स्कूटर जागेवर नाही म्हटल्यावर सगळ्यांची खात्रीच पटली. दोन वाजेपर्यंत इतर सगळे बाहेर आले, डाव्या उशीत एकच टाचणी उरली. लोक थंडीने कुडकुडत होते. झेंडे लावणारे मास्तर म्हणाले, "बाई, आवरा आता. स्कूटरसुद्धा नाही त्याची. फार तर मागच्यासारखं घरी जाऊन बघू."

बाई म्हणाल्या, "मागच्या वेळीही आधी जंगल बघितलं होतं, मग घर."

"पण तो तसाच आहे हो."

"तसे होते. सहा वर्षांत एकदाही तोंड दाखवल्याशिवाय गेले नाहीत. टाचणी डावीकडे आहे ना? मग ते आत आहेत."

मास्तरांनी हात टेकले. एवढं मोठं जंगल, शोधायचं कुठून? तेव्हा बाईंनी नकाशा पुढ्यात ओढला. त्या दिवशी चौघांनी त्यांना सांगितलं होतं, की सहाव्या झेंड्याला जाताना आम्ही तिसऱ्या ओहोळाला दुसरा समजलो. चौघेही खडकापासून मागे फिरले होते. बाईंनी ओठांतली टाचणी काढली आणि तिच्या टोकाने त्या खडकापासून खाली, शर्यतीची हद्दही जिथे संपते तिथपर्यंत रेघ दाखवली. "इथे बघा. खडकापाशी नाही, फार खाली. बाकीचे वळले. हे वळणार नाहीत. नकाशा चुकला म्हणतील आणि पुढे जातील."

साडेचार वाजता मला हाक ऐकू आली. शिट्टी फुंकायला ओठ वळत नव्हते, पण फुंकली. वरून मास्तरांचं डोकं दिसलं. आयुष्यात कुणाचं टक्कल पाहून मला रडू आलं असेल तर ते तेवढ्याच वेळी.

घोंगडीत गुंडाळून, दोन बांबूंना बांधून त्यांनी मला वर काढलं. मैदानात रुग्णवाहिका दार उघडून उभी होती. पण बाईंनी हात केला आणि मला आधी टेबलापाशी आणायला लावलं. ड्रायव्हर वैतागला. मास्तर त्याला म्हणाले, "एक मिनिट थांब रे, आमच्याकडे असंच आहे." बाई माझ्यावर वाकल्या. त्यांचेही ओठ थंडीने निळे पडले होते. नेहमीच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "कुठे चुकलात?"

मी म्हटलं, "दुसरा ओहोळ मोजला नाही. आणि मग वळलो नाही. नकाशा बरोबर होता, बाई."

त्यांनी माझी टाचणी काढली आणि उजव्या उशीत खोचली. माझ्या केसांतला पाला काढून टाकला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "हं, न्या आता."

पाय जुळला, थोडा वाकडा. पळणं संपलं. त्याचं वाईट वाटलं, पण फार दिवस नाही. दोन महिन्यांनी कुबडी घेऊन मैदानात गेलो तर बाईंच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडलेली होती. मी जाऊन तिच्यावर बसलो. तेव्हापासून नंबर मी पुकारतो, टाचण्या बाई हलवतात. मी जिवंत आहे, माझ्या मुलीचं लग्न मी डोळ्यांनी पाहिलं, रोज जिन्याखाली बसून किल्ल्या घासतो आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालतो, हे सगळं त्या बाईंमुळे. हे मी त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "नंबर पुकारा, माणूस आलाय."

गेल्या वर्षी बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी भरपूर चाला म्हणून सांगितलं. मग मागच्या महिन्यात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी दोन्ही उशा माझ्यापुढे सरकवल्या, नवशिक्यांचा नकाशा उचलला आणि स्वतःच्या नंबराची टाचणी आपल्या हाताने डाव्या उशीत खोचली. इतक्या वर्षांत त्या जंगलात एकटीने कधी शिरल्या नव्हत्या. आठच झेंडे, तासाभराचं काम.

दोन तास झाले. सगळे आले. अडीच झाले. डाव्या उशीत एकच टाचणी. मास्तर दोनदा येऊन गेले, मी त्यांना काहीबाही बोललो. त्या टाचणीवरून माझी नजर हलत नव्हती. तीस वर्षं ही बाई दर रविवारी असं बसत होती, हे मला तोवर शेजारी बसूनही कळलं नव्हतं.

मग झाडीतून बाई आल्या. सावकाश, साडीला कुसळं चिकटलेली, कार्डावर आठही भोकं. टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. माझा जीव भांड्यात पडला, पण मी नियम सोडला नाही. "कुठे चुकलात?"

"कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "सातव्या झेंड्यापाशी एक पडलेलं झाड आहे. त्यावर बसले होते निवांत. घाई कशाला? तुम्ही होतात ना इथे."

मी टाचणी हलवली. मला ती नीट दिसत नव्हती, दोनदा बोटाला टोचली.