राखून ठेवलेलं टेबल

डेन्व्हरच्या विमानतळाबाहेर पडलो आणि समोर बर्फाच्या डोंगरांची रांगच्या रांग दिसली. दादा सामानाची ट्रॉली सोडून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. "विन्या, हे पूर्ण बर्फच आहे का बे?" हा प्रश्न त्यांनी ज्या आवाजात विचारला, तो आवाज त्यांनी नागपूरच्या शाळेत मैदानावर कवायत घेताना कमावलेला आहे. आजूबाजूच्या माणसांनी वळून पाहिलं. मी ट्रॉली ओढत, या गृहस्थांशी आपला काही संबंध नसल्यासारखा, भाड्याच्या गाड्यांकडे नेणाऱ्या बसच्या दिशेने चालू लागलो.

प्रवासाचा श्रीगणेशा असा लाजेने झाला.

दादा माझे थोरले भाऊ. वडील लवकर गेले तेव्हा माझं शिक्षण त्यांनीच केलं. ते आणि वहिनी पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. नेपरव्हिलला आमच्या अंगणात गुडघाभर बर्फ होता, पण दादांना हवा होता डोंगरावरचा. माझ्या बायकोला, स्मिताला, ऑफिसातून सुटी मिळेना, म्हणून आम्ही तिघंच कोलोराडोत उतरलो. घाटातून वर चढायचं, वाटेतली स्कीची गावं बघायची, जिथे जे चांगलं मिळेल ते खायचं, असा बेत.

बेतात एक अडचण होती. त्यातल्याच एका गावात माझी मुलगी इरा तीन वर्षं राहत होती. नागपुरात मी सांगून ठेवलं होतं की ती 'फूड सायन्स'मध्ये आहे. खरं म्हणजे ती एका रेस्टॉरंटचा बार सांभाळते. पेयं स्वतः बनवते, शोधून काढते, आणि स्मिता म्हणते की तिचं फार नाव आहे. स्मिता तिच्याकडे अनेकदा जाऊन आली. मी एकदाही गेलो नव्हतो. दादांच्या घरात दारूचं नाव काढत नाहीत. ते येणार म्हणून मी फ्रीजमधल्या बिअरच्या बाटल्या गॅरेजमध्ये, बर्फ ओढायच्या फावड्यामागे लपवल्या होत्या. साठीला टेकलेला माणूस हे करतो. हसा.

पहिला मुक्काम घाटाच्या तोंडाशी, खाणकामगारांच्या जुन्या गावात. इथला पिझ्झा जरूर खावा. त्याच्या काठाला वेणीसारखा पीळ घातलेली जाड कड असते, आणि ती शेवटी मधात बुडवून खायची. दादांना हा प्रकार इतका आवडला की मधाची बाटली त्यांनी आपल्याच पुढ्यात ओढून घेतली. वहिनींनी मात्र पर्समधून ठेच्याची बाटली काढली. वाढणाऱ्या बाईने कुतूहलाने विचारलं, वहिनींनी हातानेच "घ्या ना" म्हटलं, आणि तिने बोटभर ठेचा जिभेवर ठेवला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी "सॉरी, सो सॉरी" म्हणत उभाच राहिलो. ती मात्र पाणी पिऊन हसली आणि तिने आणखी मागितला.

"माफी काऊन मागून राहिला?" दादा म्हणाले. "आवडला ना तिले."

पुढे लांबलचक बोगदा लागला. अलीकडे लख्ख ऊन होतं, पलीकडे गेलो तर भुरभुर बर्फ. स्कीच्या उतारांच्या पायथ्याशी लॉज असतं (राहायचं लॉज नव्हे, स्की करणाऱ्यांसाठी बांधलेला मोठा उपाहारगृहाचा हॉल). माणसं प्लॅस्टिकचे अवजड बूट घालून, हातात ट्रे सांभाळत, गुडघ्यात दुखल्यासारखी चालतात. इथे ग्रीन चिली मिळते (हिरव्या मिरच्यांचा दाट रस्सा, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, बिनमांसाचा वेगळा मागावा लागतो). तो थंडीत फार छान लागतो. "याले तिखट म्हणते का हे लोक?" असं म्हणत दादांनी वाटी पुसून खाल्ली. चहा पिऊ नये. एवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत नाही, आणि वहिनींच्या भाषेत, चहाला जीव येत नाही.

घरचं आणलेलं खायला तिथे वेगळी टेबलं होती. वहिनींनी दशम्या आणि लसणाची चटणी काढली. वास हॉलभर पसरला. मी कागदी रुमाल आणतो म्हणून उठलो आणि त्यांचं आटपेपर्यंत रुमालांच्या ढिगाशेजारीच उभा राहिलो. शेजारच्या टेबलावरचं एक कुटुंबही डबे उघडून जेवत होतं. त्यांच्यातलं कुणी रुमालांशी उभं नव्हतं.

इराच्या गावात दुपारी पोहोचलो. एकच मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना रंगीत लाकडी घरं, छपरांवर उशीएवढे बर्फाचे थर. मी भेट तिच्या बारमध्ये न ठेवता एका बेकरीत ठेवली होती, आणि तिला आधीच फोनवर पढवलं होतं. ती आली. केस वर बांधलेले, गाल थंडीने लाल. भर बेकरीत वाकून तिने काका-काकूंना नमस्कार केला. दालचिनीचे रोल तिनेच मागवले. ते गरम खावेत, गार झाले की वातड होतात.

"मग, काम कसं काय?" दादांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "गुड, काका. खूप बिझी सीझन आहे."

निघताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, माझी जागा इथून टू ब्लॉक्सवर आहे. फाइव्ह मिनिट्स. जस्ट बघून जा."

"अगं, अंधार व्हायच्या आत घाट ओलांडायचाय. पुढच्या वेळी नक्की."

"ओके," ती म्हणाली. तिने हुज्जत घातली नाही.

घाट आम्ही ओलांडलाच नाही. गावाबाहेर पडतो तोच पोलिसांच्या गाडीने रस्ता अडवलेला. वर बर्फ कोसळण्याची भीती, म्हणून घाट सकाळपर्यंत बंद. परत फिरलो. मोटेलमध्ये नशिबाने एक खोली मिळाली, पण घाटात जायला निघालेलं सगळं जग त्याच गावात अडकलेलं. संध्याकाळी जेवायला बाहेर पडलो तर जिथे जावं तिथे दारापर्यंत रांग. इराचा मेसेज आला होता: खिडकीजवळचं टेबल तुमच्यासाठी ठेवलंय, या. मी तो कुणाला दाखवला नाही. सत्तरीच्या भावाला त्या वाऱ्यात या दारातून त्या दारात हिंडवलं. वहिनींचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा कुठे नाइलाजाने तिकडे वळलो. दादांना म्हटलं, "इथे विचारून बघू."

आत भिंतीतली शेकोटी ढणढणत होती. लांब लाकडी काउंटर, त्यामागे काळा एप्रन बांधलेली इरा, हातात बर्फ कुटायची मुसळी. दारात होस्टेस होती (टेबल कुणाला द्यायचं ते ठरवणारी मुलगी). मला पाहताच तिचा चेहरा खुलला. इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही इराचे बाबा ना?"

दादा माझ्या खांद्यामागेच होते. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "नो, नो. टेबल फॉर थ्री, प्लीज."

मुसळीचा आवाज थांबला.

होस्टेस गोंधळली. म्हणाली, "मग माफ करा, बराच वेळ थांबावं लागेल. एकच टेबल रिकामं आहे, पण ते तिच्या घरच्या माणसांसाठी राखून ठेवलंय." आम्ही तिघं दाराशी, बुटांवरचा बर्फ वितळून पायाशी तळं साचलेलं, आणि समोर खिडकीजवळ ते टेबल. तीन थाळ्या मांडलेल्या. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी, असं आपल्यात म्हणतात. माझ्याकडे जनाची पोतंभर होती. मनाची तिथे शोधली तर सापडेना.

इरा काउंटरमागून बाहेर आली. एप्रन तसाच. तिने पुन्हा वाकून काका-काकूंना नमस्कार केला, वहिनींचे गारठलेले हात आपल्या हातांत घेतले आणि होस्टेसला सांगितलं, "माय अंकल अँड आंट, फ्रॉम इंडिया." मग माझ्याकडे न पाहता, अगदी सभ्य आवाजात, "अँड ही इज विथ देम."

आम्ही त्या टेबलावर बसलो.

दादांनी विचारलं, "इथं काय बनवते तू?"

"ड्रिंक्स, काका. पण तुमच्यासाठी नो अल्कोहोल. आमसुलाचं केलंय, आणि इथल्या स्प्रूसचं सिरप." (स्प्रूस म्हणजे इथलं सूचीपर्णी झाड, त्याच्या कोवळ्या कोंबांचा पाक करतात.)

दादांनी पेला उचलला, घोट घेतला, डोळे मिटले. "अवो," ते वहिनींना म्हणाले, "घ्या. आपल्या पोट्टीच्या हातचं आहे." आणि संपवून दुसरा मागितला.

"अँड फॉर यू?" इराने मला विचारलं. जसं कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसं.

"पाणी," मी म्हणालो.

ती गेल्यावर दादा माझ्याकडे वळले. मग त्यांनी, मैदानावरच्या आवाजात नव्हे, हळू आवाजात सांगितलं, "मले माहीत होतं ती कुठं काम करते. तिनंच सांगितलं होतं. दर संक्रांतीले फोन करते ती. म्हणे, काका, बाबाले सांगू नका, त्याले वाईट वाटते."

मी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.

"तुले माझी लाज वाटते, हे तर मले विमानतळावरच समजलं. ते जाऊ दे. मी म्हातारा माणूस, दोन महिन्यांचा पाहुणा. पण पोट्टीची काऊन, विन्या?"

मी काउंटरकडे पाहिलं. इरा गर्दीत बुडालेली होती. लोक तिला नावाने हाक मारत होते. एका म्हाताऱ्याने तिच्याकडून पेला घेताना छातीवर हात ठेवून मान झुकवली. मी तिला काम करताना पहिल्यांदाच बघत होतो. तिचे हात स्मितासारखे आहेत, झपझप चालणारे. ती इतकी चांगली आहे हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, माझ्याखेरीज.

उठताना मी काउंटरजवळ गेलो. "इरा," म्हटलं, "मघाशी मी..."

"बाबा, इट्स ओके. रश आहे. काकूंना सांभाळून ने, बाहेर स्लिपरी आहे."

सकाळी घाट उघडला. पलीकडे उतरलो, दऱ्या पाहिल्या, एका गावात रताळ्याचे टॅको खाल्ले, दुसऱ्यात दादांनी मोठ्याने शिंकून अख्ख्या कॉफी शॉपला दचकवलं. यावेळी मी त्यांच्या शेजारीच बसून राहिलो. काही मोठं केलं असं नाही.

नेपरव्हिलला परतल्यावर दादा-वहिनी लगेच आडवे झाले. संध्याकाळी स्मिता इराशी बोलत होती. तिने फोन माझ्या हातात दिला.

"बाबा, फूड कसं होतं? शेफ विचारत होता."

मी तोंड उघडलं आणि मला कळलं की त्या जेवणातलं मला काहीच आठवत नाही. पिझ्झ्याच्या कडेवरचा मध आठवतो, मिरचीचा रस्सा आठवतो, पाणचट चहासुद्धा आठवतो. खिडकीजवळच्या टेबलावर माझ्या थाळीत काय होतं ते नाही. आपल्या मुलीने आपल्यासाठी ठरवून करवलेलं जेवण मी चव न घेता गिळलं होतं.

"मला आठवत नाही गं," मी म्हणालो. निदान हे तरी खरं.

ती म्हणाली, "हं. आईला देतोस?"

कुठे खावं, कुठे प्यावं ते वाचकांना कळावं, म्हणून हे लिहायला घेतलं. त्या टेबलावर काय होतं ते वहिनींच्या हवाल्याने सांगतो: भोपळ्याचं भरीत, मक्याच्या पिठाच्या खरपूस वड्या, वर कसलीशी आंबट-तिखट चटणी, आणि "भाऊजी, तुमच्या थाळीत तर तिनं जास्तीच्या वड्या ठेवल्या होत्या."

हे ऐकल्यावर काल मी त्या रेस्टॉरंटला फोन केला. होस्टेसनेच उचलला. एका माणसासाठी टेबल हवंय म्हटलं. सीझन संपेपर्यंत सगळं भरलेलं आहे, ती म्हणाली. मग इथल्या रीतीप्रमाणे तिने विचारलं, काही खास निमित्त आहे का?

"मी इराचा बाबा आहे," मी म्हणालो. नाव सांगितलं, तेही सावकाश, पूर्ण.

पलीकडे तिने ते नाव पुन्हा उच्चारलं. तिला माझा आवाज ओळखू आला असावा.

"एक मिनिट हं," ती म्हणाली. "तिला विचारून सांगते."