ऐंशी मीटरवरचा चेहरा

अनंत लवाटे पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कागदावर रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तर त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. नव्याण्णव साली ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आले. लवाटे स्वेच्छानिवृत्ती घेऊन नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत येऊन बसले. कारखान्याला त्यांनी कधी शिव्या दिल्या नाहीत. राग त्यांच्याकडे भरपूर होता, पण तो सगळा एका माणसासाठी राखून ठेवलेला होता.

तो माणूस म्हणजे डॉक्टर उकिडवे. दातांचे डॉक्टर आणि फोटोग्राफी क्लबचे सचिव. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता. दर दिवाळीला तो एक नवी लेन्स गळ्यात अडकवून यायचा आणि जाताना ती इथे ठेवून जायचा. लवाट्यांकडे एकच लांबची लेन्स होती. एकशे पस्तीस मिलिमीटरची. हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. अमेरिकेत त्यांचं कुणी नव्हतं.

पंचाण्णव सालच्या वार्षिक प्रदर्शनात लवाट्यांनी एक फोटो लावला. नदीवर हवेत एका जागी थांबलेला कवड्या धीवर. तीन रविवार चिखलात बसून मिळवलेला. परीक्षक उकिडवे. त्यांनी फोटोसमोर उभं राहून चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लवाटे, पक्षी कुठे आहे तिथे एक बाण काढत चला. ड्राफ्ट्समन आहात ना?"

हॉल हसला. लवाट्यांच्या शेजारी त्यांची बायको उभी होती, उल्काताई. त्याही हसल्या.

घरी येताना त्या म्हणाल्या, "अहो, विनोद होता तो."

"होता," लवाटे म्हणाले. त्यानंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत. क्लबही सोडला नाही. दर महिन्याला जायचे, शेवटच्या रांगेत बसायचे. जिन्यात कुणीतरी म्हणायचंच, "काय बाणवाले, आज काय आणलंत?" काहीही आणलेलं नसायचं. क्लब सोडला असता तर उकिडव्यांना विसरावं लागलं असतं, आणि ते त्यांना परवडणारं नव्हतं.

दोन हजार तीनच्या प्रदर्शनात उकिडव्यांना सुवर्णपदक मिळालं. घरट्यात पिलांना भरवणारी नाचण. पिसन् पिस मोजावं असा फोटो. लोक वाहवा करून पुढे जात होते. लवाटे त्याच्यासमोर अर्धा तास उभे राहिले. फोटोच्या डाव्या कडेला तीन काटक्यांची टोकं होती. पांढरी, तिरकी, साफ. मोडलेल्या काटकीला धसकट राहतं. कापलेल्या काटकीला रेघ येते. रेघ लवाट्यांना कळत होती.

ते उकिडव्यांजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "घरट्यासमोरच्या फांद्या कापल्यात तुम्ही."

क्लबच्या नियमात ते बसत नव्हतं. झाकलेलं घरटं उघडं केलं की पिलं उन्हात येतात, आई जवळ फिरकत नाही. असं करणाऱ्याला काढून टाकायचं, हा नियम स्वतः उकिडव्यांनीच लिहिला होता.

उकिडवे मोठ्यानं म्हणाले, "सिद्ध करा ना! फोटो काढून आणा. फक्त या वेळी माणूस तरी दिसू द्या, लवाटे."

पुन्हा हॉल हसला.

दुसऱ्या दिवसापासून लवाटे लेन्स शोधायला लागले.

आधी त्यांनी जागा शोधली. उकिडवे दर मे महिन्यात हडपसरच्या पुढे नदीकाठी एका बाभळीच्या बेटात जायचे, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. लवाट्यांनी समोरचा काठ धरला. तिथल्या घाणेरीच्या झुडपात एक माणूस आरामात लपत होता. अंतर त्यांनी कोन मोजून काढलं. ऐंशी मीटर. घरी येऊन ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढला. नदी, बाभूळ, घाणेरी, सकाळच्या उन्हाची दिशा. बाभळीखाली एक फुली.

तो नकाशा घेऊन ते दुकानांत फिरायला लागले. पेठेतल्या पहिल्या दुकानात विचारलं, "चारशेची लेन्स आहे?"

"आहे."

"बघायला मिळेल?"

"घेणार असाल तर."

"बघितल्याशिवाय कशी घेणार?"

"मग राहू द्या," दुकानदार म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

वारज्यात आयटीतल्या एका तरुणाकडे तीनशेची वापरलेली लेन्स होती. "काका, एकदम मिंट कंडिशन. मी डिजिटलला शिफ्ट झालो म्हणून काढतोय. बर्ड्ससाठी बेस्ट!"

लवाट्यांनी खिशातून कागद काढून गणित केलं. ऐंशी मीटरवरच्या माणसाचं डोकं या लेन्सनं फिल्मवर नऊ दशांश मिलिमीटर येणार. चारशेनं एक पूर्णांक दोन.

"नको," ते म्हणाले.

"काका, पॉइंट थ्रीनं काय फरक पडतो? पक्षी तर दिसेल!"

"मला पक्षी नकोत."

शेवटी हडपसरला गाडीतळाजवळ हिंमतरावांचं दुकान सापडलं. हिंमतराव मूळचे यवतमाळचे. लोक डिजिटलकडे वळल्यापासून त्यांच्या काचेच्या कपाटात जुन्या लेन्सची दाटी झाली होती. त्यांनी आधी एक आखूड लेन्स पुढे केली. "पाचशेची आहे जी. आत आरसे आहेत, म्हणून हलकी."

"हिच्यात समोरच्या पाण्याची चमक गोल गोल कड्यांसारखी येते. चेहऱ्याभोवती कडी नकोत मला."

हिंमतरावांनी गिऱ्हाइकाकडे नीट बघितलं आणि आतून चारशेची काढली. हातभर लांब, काळी, जड. टॉर्च मारून दाखवला. काचांवर बुरशी नव्हती. लवाट्यांनी ती आपल्या कॅमेऱ्याला लावली, दारात स्टँड रोवला आणि रस्त्याच्या कडेनं पावलं मोजत बसस्टॉपच्या पुढे गेले. तिथे फूटपाथवर खडूनं फुली मारून परत आले.

"हिंमतराव, एक काम कराल? त्या फुलीवर जाऊन उभे राहा."

"मी?"

"मी कसा राहू? मला इथून बघायचंय. आणि कात्री आहे का?"

"कात्री काहून जी?"

"हातात धरा. तिथे पोचलात की वर करा."

"बाप्पा! साहेब, पोलिसात आहात काय तुम्ही?"

"नाही. ड्राफ्ट्समन."

हिंमतराव हसत हसत गेले. भर बाजारात फुलीवर उभं राहून त्यांनी कात्री वर केली. बससाठी थांबलेली माणसं दोन पावलं मागे सरकली. लवाट्यांनी डोळा लावला, फोकस फिरवला. कात्रीची दोन पाती सुटी दिसली. कपाळावरचं गंध दिसलं. हसताना वरचा एक दात नाही, तेही दिसलं.

लवाट्यांनी खाली वाकून स्टँडचा स्क्रू घट्ट केला. मग पैसे मोजले.

घरी उल्काताईंनी लेन्स उचलून बघितली. "केवढी जड आहे हो! आता तरी दिसेल ना पक्षी?"

"दिसेल," लवाटे म्हणाले. "जूनच्या सभेला तूही ये."

दोन हजार चारच्या मेमध्ये, दुसऱ्या रविवारी सकाळी सव्वासातला लवाटे घाणेरीत बसलेले होते. साडेसातला उकिडवे आले. डोक्याला रुंद काठाची टोपी. त्यांनी पिशवीतून बागेची कात्री काढली आणि घरट्यासमोरची पहिली फांदी कापली. लवाट्यांनी बटण दाबलं. दुसरी फांदी. तिसरी. उरलेली एक त्यांनी सुतळीनं मागे बांधली. घरटं उघडं पडलं. तीन चोची एकदम वर झाल्या.

सगळं फिल्मवर येत होतं. चेहरा मात्र येत नव्हता. टोपीच्या काठाची सावली हनुवटीपर्यंत होती. या फोटोत उकिडवे आहेत असं म्हटलं तर उकिडवेच विचारतील, कुठे? बाण काढा!

लवाटे थांबले.

साडेआठला ऊन घरट्यावर आलं. नाचण फांदीवर येऊन बसायची, शेपटीचा पंखा उघडायची, माणूस बघून उडायची. उकिडवे कॅमेऱ्यामागे वाट बघत होते. लवाटे त्यांच्या टोपीची वाट बघत होते. नदी शांत होती. ऐंशी मीटरवरून साधी हाक ऐकू गेली असती.

नऊ वाजता चोची दोन होत्या. साडेनऊला एक. लवाट्यांना ते दिसत होतं. चारशेच्या लेन्समधून सगळं दिसतं.

दहाला उकिडव्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. लवाट्यांनी सलग सहा फोटो घेतले.

जूनच्या सभेत हॉल भरला होता. उल्काताई पुढे बसल्या होत्या. लवाट्यांनी प्रोजेक्टरला स्लाइड्स लावल्या आणि एक शब्दही न बोलता बटण दाबत गेले. कात्री. फांदी. सुतळी. मग पडदाभर उन्हात उकिडव्यांचं डोकं, घामानं चमकणारं, दुसऱ्या कुणाचं असूच न शकणारं. कुणीतरी "अरे बाप रे" म्हणालं. लवाट्यांनी ती स्लाइड मुद्दाम मिनिटभर ठेवली. नऊ वर्षांत त्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. समितीचे अध्यक्ष उठून म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला काही बोलायचंय?"

उकिडव्यांनी तोंड उघडण्याआधी तिसऱ्या रांगेतून कादंबरी उठली. क्लबात नवीन आलेली मुलगी, सॉफ्टवेअर कंपनीत चुका शोधायचं काम करणारी.

"सर, एक विचारू? पहिल्या स्लाइडमध्ये डॉक्टरांची सावली पार पाण्यात गेलीय. शेवटच्या स्लाइडमध्ये ती त्यांच्या पायाशी आलीय. मध्ये किती वेळ गेला?"

"अडीच तास," लवाटे म्हणाले.

"आणि घरट्यात शेवटी काय होतं?"

"काही नव्हतं. म्हणजे, हालचाल नव्हती."

"तुम्ही समोर होतात. ओरडला का नाहीत?"

लवाट्यांना प्रश्न अवघड वाटला नाही. त्यांनी तो सरळ सोडवला. "त्यांनी टोपी काढली नव्हती. चेहरा दिसत नव्हता."

उल्काताईंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं आणि बघतच राहिल्या.

तेव्हा उकिडवे उठले. पडद्याजवळ गेले. चष्मा काढून पुसला, परत घातला. स्वतःचा चेहरा जवळून पाहिला, मग दोन पावलं मागे येऊन पाहिला, परीक्षक पाहतात तसा.

"लवाटे, फोटो उत्तम आहेत," ते म्हणाले. "फोकस अचूक. अडीच तास, आणि एकही फ्रेम हललेली नाही."

"आभारी आहे," लवाटे म्हणाले.

ते मनापासून म्हणाले होते. हॉलमधल्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं.