बोराटीवरचा उजेड

आमच्या नाटक कंपनीत दिव्यांचं काम एकच माणूस पाहायचा. त्यांना सगळे फोकसभाऊ म्हणत. कुणाच्या चेहऱ्यावर किती उजेड पडायला हवा, हे त्या चेहऱ्याच्या मालकापेक्षा त्यांना चांगलं कळायचं. रंगमंचावरचं माझं अर्धं सौंदर्य त्यांच्या हातचं. उरलेलं अर्धं वहिनींच्या. वहिनी म्हणजे त्यांची बायको. कंपनीचे कपडे त्या शिवायच्या.

कंपनी बंद पडल्यावर दोघं वाळवंटाच्या कडेला, वहिनींच्या गावी राहायला गेली. दोन खोल्या, पुढे मोकळं अंगण, आणि अंगणाच्या कोपऱ्यात बोराटीचं काटेरी झुडूप. खोल्या भट्टीसारख्या तापायच्या, म्हणून वहिनी शिलाई मशीन अंगणात काढायच्या. तिथे ऊन. पहिला उन्हाळा त्यांनी कसाबसा काढला आणि शांतपणे सांगून टाकलं, "पुढच्या उन्हाळ्यात अंगणात सावलीची सोय दिसली नाही, तर मी मशीन घेऊन भावाकडे जाते. तुम्ही बसा उजेडात."

वहिनी बोलल्याप्रमाणे वागतात, हे फोकसभाऊंना ठाऊक होतं. त्यांनी कडुनिंबाची रोपं आणली. अंगण झाडून लख्ख केलं, मधोमध खड्डा घेतला, रोपावर चहूबाजूंनी उजेड येईल असं पाहिलं. नायकाला असंच उभं करायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. पहिलं रोप करपलं. दुसरं वाऱ्याने मोडलं. तिसरं शेजारच्या शेळीने खाल्लं. तिची तब्येत मात्र सुधारली.

उरला कोपरा. तो मोकळा करावा म्हणून त्यांनी बोराटीवर कुऱ्हाड चालवली. एका बाजूच्या फांद्या पडल्या आणि आत कडुनिंबाचं रोप दिसलं. वीतभर, हिरवंगार. ते कुणी लावलं नव्हतं. फांद्यांवर बसणाऱ्या पाखरांनीच बी टाकलं असणार. बुडाशी वाऱ्याने आणलेला पालापाचोळा कुजून माती काळी झाली होती, बोट घातलं तर गार लागत होती. काट्यांमुळे शेळीचं तोंड तिथवर पोचलं नव्हतं.

"बिचारं अंधारात वाढलंय," म्हणत फोकसभाऊंनी उरलेल्या फांद्यांवर कुऱ्हाड उचलली.

"हात लावू नका," वहिनी मशीनवरून म्हणाल्या. "उजेडात ठेवलेल्यांचं काय झालं ते शेळीला विचारून या."

कुऱ्हाड खाली ठेवली गेली. पण तोडलेली बाजू उघडीच पडली होती. दुपारी रोपाने मान टाकली. फोकसभाऊ स्टूल घेऊन त्या बाजूला छत्री उघडून बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मग रोजच.

उन्हाळा लागला तसा मेव्हणा बहिणीला न्यायला आला.

"दाजी, काय चाललंय?"

"सावली धरतोय."

"कुणावर?"

फोकसभाऊंनी स्टुलाशेजारी बोट दाखवलं. मेव्हण्याने वाकून पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं.

"ताई, पिशवी भरलीस ना?"

"भरली. पण मी गेले तर हे जेवायलाही उठायचे नाहीत. राहू दे. ते रोप जगतं का, एवढं बघते."

इतकी वर्षं झाली, वहिनी ते अजून बघताहेत. परवा मी त्यांच्याकडे गेले, तर कडुनिंब छपराच्या वर गेलेला आणि खाली मशीन चालू. बोराटी मात्र त्याच्या बुडाशी खंगली होती. वरचा उजेड त्याने घेतला, खालचं पाणीही त्यानेच.

"मोठा झाला आणि ओळख विसरला," वहिनी म्हणाल्या. "कंपनीत कमी पाहिलेत का असले?"

समोरच्या कुंपणाला आमच्या मेकअपच्या खोलीतला जुना आरसा बांधला होता. सूर्य सरकेल तसे फोकसभाऊ उठून तो वळवत होते. आरशातून निघालेला उजेडाचा तुकडा थेट बोराटीवर पडत होता. भांडी विसळलेलं पाणीही तिलाच.

बोलता बोलता मी कोपऱ्याकडे गेले आणि सवयीने त्या उजेडात जाऊन उभी राहिले, हनुवटी किंचित वर करून.

"बाई, जरा बाजूला," फोकसभाऊ म्हणाले. "तो तुमच्यासाठी नाही."

मी बाजूला झाले.