बेचाळीस दिवसांची डबी

संगमनेरच्या शाळेत यज्ञेश्वर सरांनी तेहेतीस वर्षं गणित शिकवलं आणि तेहेतीस वर्षं एकच प्रश्न विचारला. कुणी सत्त्याण्णव मार्क आणले, की सर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "तीन कुठे सांडले?" मुलं हसून सोडून द्यायची, कारण संध्याकाळी ती आपापल्या घरी जायची. देवश्रीला मात्र त्याच घरात राहायचं होतं. ती सरांची एकुलती एक मुलगी.

ही देवश्री दोन वर्षांपूर्वी पुण्यातली बँकेची नोकरी सोडून हिमाचलात एका रोपवाटिकेत कामाला लागली. "एवढं शिकून माळीण झालीस?" सर फोनवर म्हणाले. तिने फोन ठेवला तो ठेवलाच. सरांनीही परत केला नाही. शब्द मागे घेणं त्यांना ठाऊक नव्हतं. फळ्यावर त्यांचं गणित चुकलं तरी पुसायला एखाद्या मुलाला बोलवायचे. सरांच्या पत्नी विजयाबाई असत्या तर मध्ये पडून त्यांनी बापलेकीला बोलतं केलं असतं, पण त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती. आता घरात सर एकटे, आणि सकाळी स्वयंपाकाला येणाऱ्या गोजरबाई.

यंदा गणपतीच्या तोंडावर हिमाचलातून एक पाकीट आलं. आत कागदी पुडीत लॅव्हेंडरचं बी. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं फुलणारं झाड. सोबत चिठ्ठी होती; वर "बाबा" एवढाच मायना आणि खाली सूचना. सरांनी आधी बी मोजलं. ऐंशी भरलं. चिठ्ठी न वाचताच पंचांगात खोचली. बी कसं रुजवायचं हे आता मुलीकडून शिकायचं की काय, असा एकूण ताठा.

गोजरबाईंकडे मटकीचं शास्त्र तयारच होतं. "भिजवायचं, फडक्यात बांदायचं अन् उबेला ठिवायचं. मोड येत न्हाई म्हंजी काय." अर्धं बी फडक्यात जाऊन शेगडीशेजारी बसलं. पाचव्या दिवशी पुरचुंडी सोडली, तर आत पांढरी बुरशी. सर बराच वेळ ते फडकं हातात धरून उभे राहिले. दोन वर्षांत मुलीने पहिल्यांदा काही धाडलं होतं आणि त्यातलं निम्मं त्यांनी ताठ्यापायी कुजवलं होतं.

मग चिठ्ठी निघाली. "ओलसर वाळूत मिसळून डबीत भरा. डबी सहा आठवडे फ्रीजमध्ये. आधी थंडी सोसल्याशिवाय हे बी उघडत नाही. मधेच झाकण काढून बघू नका. तुम्ही बघालच."

शेवटच्या दोन शब्दांवर सर अडखळले. लेक लांब राहूनही बापाला पुरती ओळखून होती. यातलं रुजलं तर फोन करायचा, त्यांनी ठरवलं. नाही रुजलं तर कुठल्या तोंडाने करणार?

फ्रीजमध्ये वाळू बघून गोजरबाई थबकल्या. "गारठ्यात कुनाला मोड येत्यात व्हय, सर?"

"चिठ्ठीत लिहिलंय."

"मंग बसा वाट बघत."

सर बसले. गौरीचं गोडधोड आलं, दसरा आला, डबी या कप्प्यातून त्या कप्प्यात सरकली. झाकण उघडलं नाही. दिवसातून दहादा हात जायचा आणि मागे यायचा. एकदा तारांच्या कामासाठी सकाळपासून वीज गेली. सरांनी दूधवाल्याकडून बर्फ आणला, डबी बर्फाच्या पातेल्यात ठेवली आणि शेजारी खुर्ची टाकली.

"लेकराला ताप आल्यागत बसलाय," गोजरबाई म्हणाल्या.

सरांनी पातेल्यात आणखी बर्फ टाकला. तिकडे दोन हिवाळे बर्फ पडून गेला आणि पोरीला थंडी सोसते का, एवढंसुद्धा आपण विचारलं नाही, हे त्यांना त्या पातेल्याशेजारी बसून कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी ट्रेमधल्या मातीवर बी वाळूसकट पसरलं. दोन आठवडे माती तशीच काळी. सोळाव्या सकाळी गोजरबाईंनी हाक मारली, "सर, चष्मा घेऊन या." टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके होते. सात. आठव्यासाठी सर आणखी दोन दिवस थांबले. तो काही आला नाही.

मग त्यांनी फोन लावला.

"बाबा?"

"देवश्री, सात उगवले."

"ऐंशीतले सातच?" तिचा आवाज उतरला. "बी चांगलं होतं हो, बाबा. मी एकेक निवडून पाठवलं होतं."

प्रगतिपुस्तक पुढे करताना ती याच आवाजात बोलायची. सरांनी तो आवाज इतकी वर्षं ऐकला होता, पण आज तो त्यांना लागला.

"बी चांगलंच होतं. चाळीस मी कुजवले, तुझी चिठ्ठी न वाचता," ते म्हणाले. "आणि सात पुष्कळ आहेत गं. सात पुष्कळ झाले."

सरांनी फोन या कानावरून त्या कानाला नेला. मग हळूच विचारलं, "तिकडे थंडी फार असते का?"

"हो बाबा," ती म्हणाली, "फार असते."